अर्धा सूर वर

ट्यूनरने हत्यारांची पेटी बंद केली, रुमालाने मान पुसली, आणि तेवढ्यात बाईंनी पियानोवर एकच सूर दाबून म्हटलं, "अहो, हा तुम्ही चढवून ठेवलात."

"चढवून?"

"अर्धा सूर वर गेलाय. सगळाच्या सगळा."

ट्यूनर हसला. इतक्या वर्षांत बाईंनी त्याच्या कामात पुष्कळ चुका काढल्या होत्या, आणि बहुतेक वेळा त्या खऱ्याही निघत. पण हे जरा अतिच होतं. एखाददुसरी तार इकडेतिकडे राहू शकते, अख्खा पियानो चुकून वर चढत नाही. त्याने पेटी पुन्हा उघडून सूर लावायचा तो दोन पायांचा पोलादी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि बाईंच्या कानाशी धरला.

"हा 'ए' सूर. हा तरी मी चढवलेला नाही ना?"

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग चिमटा त्याच्या हातातून घेतला, स्वतः आपटला, पुन्हा ऐकला. आणि आणखी एकदा.

"हा तुमचा नेहमीचाच?"

"माझ्या वडिलांच्या वेळचा आहे, बाई."

काका तेव्हा चहाचे कप घेऊन दारात उभे होते. काका म्हणजे बाईंचे यजमान. त्यांना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बायकोचा चेहरा चांगला वाचता येत होता. चिमटा परत देताना बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. माझीच काहीतरी गफलत झाली." हे वाक्य ट्यूनरने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बाई रागावल्या असत्या तर तो निवांत चहा प्यायला असता. आता मात्र कप तसाच ठेवून तो गेला.

त्याच्यामागून बाई जिन्यापाशी गेल्या आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, टण्ण वाजली, दार उघडून पुन्हा मिटलं. बाई घरात आल्या आणि फ्रीजला कान लावून उभ्या राहिल्या. मग ओट्यावरच्या घड्याळाचा गजर लावून पाहिला.

"अगं, काय शोधतेस?" काकांनी विचारलं.

"लिफ्ट 'ए' होती," बाई म्हणाल्या. "फ्रीज 'जी' होता. सगळं वर सरकलंय. एकूण एक."

ज्यांना सुरांशी देणंघेणं नाही त्यांना यात घाबरण्यासारखं काय, ते कळणार नाही. काकांनाही आधी नीट कळलं नव्हतं. बाईंचा कान जन्मापासूनच तसा होता. आपल्याला तांबडा रंग तांबडा दिसतो, त्यासाठी शेजारी हिरवा धरावा लागत नाही, तसा त्यांना कुठलाही सूर ऐकल्याबरोबर नावानिशी ओळखू यायचा. लग्नाच्या आधी काका त्यांना चमचे, बाटल्या, सायकलची घंटा, जे हाताला लागेल ते वाजवून विचारत बसायचे, आणि बाई न चुकता सांगायच्या. काकांचा दातांच्या कवळ्या बनवायचा कारखाना होता. मित्र म्हणायचे, जोडा छान जमलाय, दोघांचंही पोट पांढऱ्या दातांवर चालतं, एकाचं माणसांच्या, दुसरीचं पियानोच्या.

बाई संगीतशाळेत पियानो शिकवत. संध्याकाळी घरीही मुलं येत. पण त्यांचं स्वतःचं असं एकच काम होतं. तीनेकशे वर्षांपूर्वीच्या एका संगीतकाराने जेवढ्या म्हणून पट्ट्या आहेत तेवढ्या सगळ्यांत एकेक जोडी रचली होती: बारा सूर, प्रत्येकाची एक मेजर आणि एक मायनर, म्हणजे चोवीस पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीत एक प्रिल्यूड आणि एक फ्यूग. प्रिल्यूड म्हणजे मोकळं, हात सैल सोडून चालल्यासारखं. फ्यूग म्हणजे काय ते बाई लहान मुलांना असं सांगायच्या: घरात एकजण काहीतरी बोलतो. ते संपायच्या आत दुसरा तेच वाक्य जरा वरच्या आवाजात म्हणतो. पहिला गप्प बसत नाही, तो आपलं दुसरं काही सुरू करतो. मग तिसरा येतो, कधी चौथाही. आणि गंमत अशी, की कुणीच कुणाचं बोलणं तोडत नाही.

"आमच्या घरीही सगळे एकदम बोलतात," हे ऐकून एक छोटी विद्यार्थिनी म्हणाली होती, "पण ऐकत कुणीच नाही." ही मुलगी पियानोवर इकडून तिकडे अशी पळायची, की बाईंनी तिचं नाव खारूताई ठेवलं. पुढे ती मोठी झाली, बाईंच्याच संगीतशाळेत शिकवायला लागली, तरी ते नाव काही सुटलं नाही. बाईंना मूलबाळ नव्हतं. खारूताई आली की काका न विचारता तिसरं ताट घ्यायचे.

त्या चोवीस जोड्या बाई तरुणपणापासून वाजवत होत्या, पण सुट्या सुट्या. सगळ्या ओळीने, लोकांसमोर, कधीच नाही. निवृत्तीच्या वर्षी संगीतशाळेच्या सभागृहात दोन संध्याकाळी त्या वाजवायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. तारखा ठरल्या होत्या, भिंतीवर कागद लागले होते. आणि आता बोट 'सी'वर पडलं की कानात त्याच्यावरचा 'सी शार्प' वाजत होता.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं, कागदावरची वाकडी रेघ दाखवली आणि म्हणाले, "वयाच्या मानाने तुमचं ऐकणं उत्तम आहे."

"मला सगळं अर्धा सूर वर ऐकू येतं."

डॉक्टरांनी याबद्दल वाचलं होतं, पण असा पेशंट समोर पहिल्यांदाच आला होता. ते म्हणाले, कानाच्या आतला भाग वयाने ताठरतो, त्याने होतं असं. पुष्कळांचं होत असावं. पण त्यांना सुरांची नावंच माहीत नसतात, त्यामुळे कळत नाही.

"म्हणजे मला कळतं, एवढाच माझा आजार," बाई म्हणाल्या.

"तसंच म्हणायचं." डॉक्टरांना हसावं की नाही ते ठरवता येईना. औषध नव्हतं. वाढेल का, तेही त्यांना सांगता आलं नाही.

दवाखान्याबाहेर बाकावर बसून बाईंनी चपलेचा पट्टा नीट केला आणि वर न बघता म्हणाल्या, "हे कुणाला सांगायचं नाही."

"खारूताईला तरी—"

"तिला तर मुळीच नाही. उद्यापासून ती माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागेल. मला ते नको आहे. वचन द्या."

काकांनी दिलं.

घरी सराव सुरू झाला आणि काकांना पहिल्यांदाच बाईंचं अडखळणं ऐकू आलं. त्यांचा कारखाना घराखालीच होता. मेणात दात बसवताना वरचा पियानो ऐकायची त्यांना सवय होती. पट्टीचं नाव माहीत नसलं तरी पुढे काय येणार ते त्यांना वाटेवरच्या वळणांसारखं पाठ होतं. आता बाई मध्येच थांबायच्या. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच थांबायच्या. कान म्हणायचा एक, बोटं म्हणायची दुसरंच, आणि फ्यूगमध्ये तीन-चार आवाज एकमेकांत शिरले की बोटं कानाचं ऐकून भलतीकडे वळायची. एके दिवशी काका जेवायला वर गेले तर पियानो बंद होता आणि बाई स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून फडताळं धूत होत्या.

"आज 'डी मायनर' होता," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात शिरले आणि आत भलतीच माणसं बसलेली. सामान माझंच, जागच्या जागी. माणसं तेवढी दुसरी."

काका डबे पुसून देत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे एक म्हातारे गृहस्थ सैल झालेली कवळी घेऊन आले. माणसाचा जबडा वयाने झिजतो, आत जातो. कवळी तीच राहते आणि मग तोंडात नाचायला लागते. अशा वेळी काका कवळीच्या आतून नवा थर देत आणि ती झिजलेल्या जबड्यावर पुन्हा बसवत. त्या गृहस्थांची कवळी हातात फिरवता फिरवता ते एकदम उठले, हात धुतले आणि त्यांनी ट्यूनरला फोन लावला.

"पियानो अर्धा सूर खाली आणता येईल?"

"कशाला?"

"येईल का ते सांगा."

ट्यूनर आला. बाईंकडे बघितलं, पियानोकडे बघितलं, चिमट्याची ती सकाळ आठवली आणि काय ते समजला. त्याला सांगावं लागलं नाही, म्हणजे वचनही मोडलं नाही, असं काकांनी मनाशी मानून घेतलं. तरी ट्यूनर कुरकुरलाच. "पियानो म्हणजे काय परकर आहे, कमरेत सैल करायला? एवढा ताण उतरवला की आवाजातला जीव जातो. पुन्हा वर न्यायचा म्हटलं तर तारा तुटतील. मला विचाराल तर करू नका."

"तुम्हाला विचारलंय का?" बाई म्हणाल्या. फार दिवसांनी त्या त्याच्याशी तशा आवाजात बोलल्या. ट्यूनरला बरं वाटलं असावं, कारण त्याने मुकाट्याने बाह्या सरसावल्या.

एका दिवसाचं काम नव्हतं ते. तो उतरवायचा, तारा दोन-चार दिवसांत पुन्हा हलायच्या, तो पुन्हा यायचा. तोवर मुलांच्या शिकवण्या बाईंनी संगीतशाळेतच घेतल्या आणि काकांनी सगळ्यांना सांगितलं की पियानो दुरुस्तीला काढलाय. शेवटी एका दुपारी ट्यूनर म्हणाला, "बसा."

बाई बसल्या. पहिल्याच 'सी मेजर'चा प्रिल्यूड घेतला, सगळ्यांत सोपा, शिकाऊ मुलंही वाजवतात तो. चार-पाच ओळी झाल्यावर त्यांचे खांदे खाली आले. आवाज थोडा मऊ, घोंगडीखालून आल्यासारखा होता, ट्यूनर म्हणाला होता तसाच. त्याचं बाईंना काही नव्हतं. प्रिल्यूड संपला तशा त्या न थांबता फ्यूगमध्ये शिरल्या. ट्यूनरने काकांना खूण केली आणि दोघं बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले.

"आपल्याला हा बेसूर," ट्यूनर म्हणाला, "आणि त्यांना बरोबर. अजब आहे बुवा."

"मला दोन्ही सारखेच," काका म्हणाले, आणि दोघंही हसले.

त्यानंतरचे ते दिवस काकांच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. बाई रोज दुपारी वाजवायच्या. जेवताना पट्ट्यांबद्दल बोलायच्या, पूर्वी कधी बोलत नसत इतकं. 'ई मेजर' म्हणजे नुकती धुतलेली फरशी, तिच्यावर पाय ठेवायचा धीर होत नाही. 'जी मायनर' हा चांगला माणूस, पण तक्रारी फार. काका म्हणायचे, ट्यूनर 'जी मायनर' आहे. बाई पाणी पिताना ठसकायच्या. सभागृहातला पियानोही कार्यक्रमापुरता आधीच उतरवून घ्यायचा आणि लोकांना सांगायचं की जुन्या काळी सूर असाच खाली असायचा, असंही त्यांनी ठरवून टाकलं. ते तसं खोटंही नव्हतं.

मग एका दुपारी वरचा पियानो मध्येच थांबला. काकांनी मेणाची सुरी खाली ठेवली आणि वाट पाहिली. सुरू झाला नाही.

ते वर गेले. बाई एकच सूर दाबून धरून बसल्या होत्या. तो विरला की पुन्हा दाबायच्या.

"डाव्या कानाला वेगळा येतोय," त्या म्हणाल्या. "उजव्याला एक, डाव्याला एक. प्रत्येक सुराचे दोन."

काकांनी कापूस आणला. डाव्या कानात घालून पाहिला, उजव्यात घालून पाहिला. एका कानाने काही आठवडे निभलं, मग तोही कान सरकला, आणि या वेळी धड अर्धा सूरही नाही, कुठेतरी मधेच. तिथे कुठली पट्टी नव्हती. तिथपर्यंत पियानो उतरवा, असं ट्यूनरला सांगण्यात अर्थ नव्हता. बाईंनी झाकण लावलं, त्यावर कापड घातलं आणि संगीतशाळेत जाऊन सांगितलं, की मी वाजवणार नाही, माझ्याऐवजी खारूताई वाजवेल.

खारूताई धावतच घरी आली. "बाई, असं कसं? हे तुमचं आहे. इतकी वर्षं तुम्ही—"

"माझे हात थकले," बाई म्हणाल्या. "तुझे आहेत की."

"मला सगळे येतात कुठे?"

"येतील. मी बसवून घेते. बस."

खारूताईने कापड काढलं, झाकण उघडलं, एक सूर दाबला आणि गर्रकन वळून बघितलं. "बाई, हा केवढा उतरलाय! अर्धा सूर तरी. तुम्ही यावर कसं वाजवत होतात?"

बाई म्हणाल्या, "जुना झालाय तो. माझ्यासारखा. तुला बोटं बसवायची आहेत की सूर लावायचाय?"

त्या हिवाळ्यात खारूताई सुट्टीच्या दिवशी न चुकता येत राहिली. पूर्वी बाई तिच्या शेजारी बसून शिकवायच्या. आता त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पियानोच्या उजव्या अंगाला खुर्ची घेऊन बसायच्या आणि नुसते हात बघायच्या. केस मोकळे सोडलेले असत, कारण खाली दोन्ही कानांत कापूस असे. त्यातूनही अस्पष्ट काहीतरी आत यायचंच. पण हात स्वच्छ दिसत. "मधला आवाज दाबतेयस. करंगळी घाबरली. पुन्हा." खारूताईला वाटायचं, बाई कधी नव्हत्या इतक्या कडक झाल्यात. एकदा ती जाताना काकांजवळ म्हणाली, "काका, हल्ली 'छान' असं एकदाही म्हणत नाहीत हो." काका तिचा डबा पुसत राहिले. वचन दिलेल्या माणसाला बोलण्यासारखं फार थोडं उरतं.

पहिल्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. बाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. समारंभाचा दिवस म्हणून त्यांनी केस वर बांधले होते, त्यामुळे कानांतला कापूस दिसत होता, आणि ही चूक काकांच्या लक्षात आली तोवर दिवे मंद झाले होते. खारूताई सुरेख वाजवत होती. निदान लोक श्वास रोखून ऐकत होते. पण तो मोठा पियानो, उंच छत. आवाज कापसाला जुमानेना. एका जोरकस फ्यूगमध्ये सगळे आवाज एकदम चढले तेव्हा बाईंनी डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही तळहात कानांवर दाबून धरले.

फ्यूगच्या शेवटी खारूताईने मान वर केली आणि तिला ते दिसलं.

त्यापुढची जोडी तिने वाजवली, पण ती तिची नव्हती. हात चालत होते एवढंच. मध्यंतर झालं तसे काका उठून रंगमंचामागच्या खोलीत गेले. खारूताई आरशासमोर उभी होती. रडली नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते.

"इतकं वाईट वाजवतेय का मी?" ती म्हणाली. "कान झाकून घ्यावेत इतकं? मग मला दिलंच कशाला? दुसरं कुणी नव्हतं?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

काका खुर्चीवर बसले. त्यांनी आयुष्यात बायकोला दिलेली वचनं थोडीच होती, आणि सगळी पाळली होती. समोरच्या मुलीला अजून निम्मा कार्यक्रम वाजवायचा होता, आणि उद्या दुसरा. आणि त्यानंतर जन्मभर तिच्या डोळ्यांपुढे ते दोन तळहात राहणार होते.

"तिला ऐकू येतं ते तसं नसतं," ते म्हणाले, आणि मग सगळंच सांगितलं. चिमटा, लिफ्ट, उतरवलेला पियानो, दोन कानांचे दोन सूर.

खारूताईने मध्ये एकच विचारलं. "माझ्या शिकवणीच्या वेळी?"

"कापूस घालून बसायची. तुझे हात बघून शिकवायची."

ती मग म्हणाली, "तिथून तर त्यांना हात दिसतच नाहीयेत," आणि तरातरा बाहेर गेली.

घंटा झाली, लोक जागेवर बसले. खारूताई रंगमंचावर आली ती पियानोकडे न जाता पायऱ्या उतरून थेट पुढच्या रांगेत. बाईंचा हात धरून तिने त्यांना उठवलं. लोकांना म्हणाली, "पुढचा भाग मी पुस्तकात बघून वाजवणार आहे. पानं उलटायला माझ्या बाई बसतील."

तिला सगळं पाठ होतं. बाईंना ते माहीत होतं. त्यांनी एकदा काकांकडे वळून पाहिलं, आणि त्या नजरेत आभार नव्हते.

पण त्या गेल्या. खुर्चीवर बसल्या, पुस्तक उघडलं. खारूताई वाजवायला लागली तशी बाईंची नजर पानावरून बोटांवर आणि बोटांवरून पानावर जाऊ लागली. काका खालून बघत होते. हळूहळू बाईंच्या कपाळावरची आठी गेली. एका जागी खारूताईच्या डाव्या हाताने फ्यूगचं पहिलं वाक्य उचललं तेव्हा बाईंनी मान हलवली, आपलं माणूस वेळेवर आलेलं पाहून हलवतो तशी. पान मात्र ठरल्या जागी उलटलं.

घरी येताना टॅक्सीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"तुम्ही सांगितलंत," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

"उद्याही मला वर बसवेल ती. परवा सगळ्या गावाला कळेल." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तिने बरं वाजवलं. शेवटचे दोन तर फारच."

दुसऱ्या संध्याकाळीही त्या वर बसल्या. 'बी मायनर'चा शेवटचा फ्यूग संपला तेव्हा लोक उभे राहिले आणि खारूताईने बाईंना पुढे केलं. बाईंनी वाकून नमस्कार केला. टाळ्यांना कुठली पट्टी नसते, त्यामुळे टाळ्या तेवढ्या त्यांना बरोबर ऐकू आल्या.

पुढे त्यांना भीती होती तसंच झालं. फोन आले, माणसं भेटायला आली आणि हळू आवाजात बोलली. मुलांच्या आईवडिलांनी काही ना काही निमित्त काढून मुलं दुसरीकडे घातली. दोघांत बरेच दिवस बोलणं कामापुरतंच राहिलं. काकांनी माफी मागितली नाही, कारण पुन्हा तशी वेळ आली तरी आपण सांगू हे त्यांना माहीत होतं, आणि बाईंनाही ते माहीत होतं. पियानो खारूताईकडे गेला. वर चढवताना ट्यूनरच्या हाताखाली दोन तारा तुटल्या. त्याने ते बाईंना कळू दिलं नाही.

नंतर साधं बोलणंही दुहेरी व्हायला लागलं. एकदा काका खालून हाक मारत वर आले तर बाई म्हणाल्या, "हल्ली तुम्ही दोघं येता. एक जरा घोगरा आहे." काका उंबऱ्यावरच थांबले. "एकच पुरे होता मला," असं म्हणून बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. त्या दिवसापासून दोघं पुन्हा पूर्वीसारखं बोलू लागली.

आता दुपारी त्या खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसतात. रोज एक जोडी, नुसती वाचायची. डोक्यात अजून सगळं जागच्या जागी आहे, असं त्या म्हणत. परवा मात्र काका जेवायला वर आले तेव्हा पुस्तक मांडीवर उघडं होतं आणि बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"'बी फ्लॅट मायनर'," त्या म्हणाल्या. "डोक्यात वाजतोय तो तोच आहे, असं वाटतं. पण खात्री होईना. आणि विचारायचं कुणाला? पियानोला विचारलं तर तो वेगळंच सांगणार."

काका समोर बसले. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"बोलू नका," बाई म्हणाल्या. "तुमचा आवाज त्यात मिसळतो. नुसते बसा. फ्यूग व्हायचाय अजून."

जेवण निवत होतं. काका हात मांडीवर ठेवून बसले. बाईंनी पान उलटलं आणि बोट ओळीवर ठेवून त्या सावकाश, अडखळत, पुढे वाचू लागल्या.